उभे साहेब

आमच्या शेतकी अधिकाऱ्यांना खुर्चीचं वावडं होतं. कोपरगाव तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी तेव्हा वजनकाट्यावर कारकून होतो. साहेबांना भेटायला आलेला माणूस ऑफिसातली रिकामी खुर्ची बघून माघारी फिरायचा, आणि साहेब सापडायचे गाडीतळावर, उसाच्या बैलगाड्यांच्या गर्दीत, खिशातल्या शेंगा फोडत. कामगारांनी त्यांचं नाव ‘उभे साहेब’ पाडलं होतं. ते कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "चला, आडवे तरी म्हणत नाहीत."

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. संचालकांच्या नि त्यांच्या पाव्हण्यांच्या गाड्या थेट गव्हाणीवर, गाळपासाठी ऊस टाकतात तिथं, जाऊन रिकाम्या व्हायच्या; बाकीच्यांनी उन्हात ताटकळायचं. ऊस वाळायचा, बैल माना टाकायचे. आम्हाला ते रोज दिसायचं आणि रोज दिसतं म्हणूनच खुपायचं नाही.

साहेबांनी हुकूम काढला नाही. "हुकूम भिंतीला चिकटतो, माणसाला नाही," असं ते म्हणत. त्यांनी आम्हा काट्यावरच्यांना, गेटवरच्या रखमाजीला आणि चार गाडीवानांना लिंबाखाली बोलावलं आणि तुम्हीच सांगा कसं करायचं, म्हणाले. खूप भांडाभांडी झाली. शेवटी ठरलं की येईल त्या गाडीला पत्र्याचा नंबर द्यायचा आणि नंबरानंच आत सोडायचं. रखमाजीची शंका मात्र उरली.

"पर साहेब, चेअरमनच्या मेव्हण्याची गाडी अडवायची कुनी?"

"पहिल्या दिवशी मी. मग तुम्ही."

आणि त्यांनी ती खरंच अडवली. मेव्हणे तडक चेअरमनच्या घरी गेले. साहेबांची आता उचलबांगडी होणार, असं आम्ही धरूनच चाललो. दुपारी चेअरमन आण्णा जीपनं आले. साहेबांनी वाद घातला नाही. "आण्णा, एकदा रांगेच्या शेपटापर्यंत चालून येऊ," एवढंच म्हणाले. मीही मागोमाग गेलो.

आण्णा धोतर-टोपीतले, चारचौघांसारखे. शेवटच्या गाडीशी पाथर्डीकडची एक ऊसतोडणी करणारी बाई भाकरी थापत होती. तिनं त्यांना सावलीला जागा करून दिली.

"बसा दादा. तुमची बी गाडी मागंच हाय व्हय? म्हंजी चेअरमनच्या घरात तुमची बी बहीन दिलेली न्हाई."

आण्णा आधी लाल झाले, मग पोट धरून हसले. "न्हाई बाई, न्हाई दिलेली," म्हणाले आणि तिनं पुढं केलेली भाकरी ठेच्याबरोबर तिथंच खाल्ली. निघताना त्यांनी मेव्हण्यांना निरोप धाडला, की नंबर घेऊन उभं राहा.

त्या हंगामात रांग पळायला लागली. आम्हीही ताठ मानेनं वागायला लागलो. साहेब मात्र श्रेय द्यायला गेलं की अंग चोरायचे, "मी काय केलं? उभा होतो."

पुढं त्यांना श्रीगोंद्याकडच्या कारखान्यानं बोलावून घेतलं. निरोपाच्या दिवशी गाडीवानांनी त्यांना हार घातले, रखमाजी तर रडलाच.

त्यांच्या जागी आलेले नवे साहेब पहिल्याच आठवड्यात कुणा पुढाऱ्याची गाडी घेऊन गेटवर आले आणि आत सोडायला सांगू लागले. रखमाजीनं नम्रपणे हात जोडले, पण फाटक उघडलं नाही. नवे साहेब तापले. जुने साहेब गेले, आता हा नियम कुणाचा, म्हणून त्यांनी विचारलं.

रखमाजी म्हणाला, "आमचा."