टाचेखालची माती

दादूस कुठंही उभा राहिला की आधी टाचेनं जमीन दाबून बघायचा. माझ्या ओटीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवातसुद्धा. टाच रुतली नाही की मान हलवायची आणि मग तोंड उघडायचं. त्याची बायको म्हणायची, "लग्नात माज्या बाजूला आला, तवा पन आधी पाट दाबून बघितलान." तुमच्या शेजारी असेल असा एखादा. कामच अंगात मुरलेलं.

नाव लिहीत नाही. थोरला भाऊ म्हणून आम्ही सगळे दादूसच म्हणायचो. आमचं गाव वडखळजवळ, खाडीला लागून. बांध आहे म्हणून शेत आहे, नाहीतर सगळं खाडीचंच. जमीन शेठची. एका उधाणाला त्यांचा बांध फुटला, खांड पडली आणि शेतात खारं पाणी शिरलं. शेठ म्हणाले, "दगड माझा, मजुरांचं भात माझं. तू खांड बुजव, पुढं बांध राख. आतली कोपऱ्याची पट्टी तुझी."

दादूसनं आणि त्याच्या बायकोनं डोक्यावरून चिखलाच्या ढेपी वाहिल्या. ओहोटी असेल तेवढाच वेळ काम. भरती आली की बसून राहायचं आणि घातलेलं वाहून जाताना बघायचं. खांड बुजली, तरी पट्टीतलं मीठ पावसानं धुऊन निघेस्तोवर काही वर्षं गेलीच. पहिलं भात आलं तेव्हा घरोघर मूठमूठ तांदूळ वाटत फिरला. "पेजंत मीठ घालू नको गो बाय, दर्यानं घातलाय!"

मी म्हणायचे, "दादूस, सातबाऱ्यावर नाव लावून घे."

"कशाला? माजा पाय हाय ना बांधावर."

आमच्याकडं मानायचेच तसं, बांध राखील त्याची जमीन. थोरल्या शेठनीही मानलं. जिवंत होते तोवर त्या पट्टीत कधी आले नाहीत.

ते गेले आणि त्यांच्या मुलानं, धाकट्या शेठनी सगळी जमीन कंपनीला द्यायची ठरवली. कोपऱ्यासकट. सांगायला आले ते माझ्या ओटीवर बसले, कारण दादूसकडं खुर्ची नव्हती.

"दगड कोणाचा? भात कोणाचं? बाबांनी पैसा घातला नसता तर काय खाऊन माती वाहिली असतीस?"

खोटं नव्हतं ते. दादूस म्हणाला, "दगड तुमचाच हाय, शेठ. न्या. माज्या मातीतनं काढून न्या."

धाकटे शेठ हसले. मी चहाचे कप उचलले.

गावातली माणसं त्याला म्हणाली, "उधानाला एक खांड पाड. खारा पानी शिरला की कंपनी येते कशाला?" दादूस म्हणाला, "व्हय." उधाणाच्या दिवशी कुदळ घेऊन निघाला. त्याची बायको धावत माझ्याकडं आली, "गेलाय गो तो!" आम्ही दोघी मागोमाग गेलो. बघतो तर कुदळ बाजूला पडलेली, आणि हा खेकड्याच्या बिळात चिखल कोंबून टाचेनं दाबतोय.

"फोडायला आला व्हतास ना?" बायको म्हणाली.

"पानी येत व्हता गो."

एवढंच बोलला. आम्ही तिघं घरी आलो.

जमीन गेली. कंपनीनं मुरमाचा भराव टाकला. आधी पट्टी बुजली, मग बांधही त्यात दिसेनासा झाला. दादूसला तिथंच वॉचमन ठेवलं. गावात म्हणाले, चला, एवढं तरी झालं. खाकी शर्ट, प्लास्टिकची खुर्ची. पेणच्या बाजाराला जाताना मी गेटापाशी थांबायचे.

"कसा आहेस, दादूस?"

"शिफ्ट हाय गो."

एकदा लक्षात आलं. माझ्याशी बोलायला तो खुर्चीतून उठला, उभा राहिला, पण टाच हलली नाही. मी विचारलं, "आता दाबून बघत नाहीस?"

त्यानं पायाखाली बघितलं. "भराव हाय. काय बघायचा?"

तो गेला तेव्हा मला रडू आलं नाही. त्याच्या बायकोलाही नाही. आम्ही दोघी ओटीवर बसून वाल सोलले.

खुर्ची अजून गेटापाशीच आहे. आता तिच्यात दुसरं कोणी बसतं. एसटीतून दिसते, आणि लगेच वडखळ येतं.