दाब कमी ठेवणारे तात्या

"साहेब, परमिट राज संपलं म्हणून पेपरात रोज येतंय. मग तुम्ही अजून कसे काय येता?" सुभाषराव हसत म्हणाले. पण त्या हसण्यात धास्ती होती.

"परमिट गेलं असेल," मी म्हणालो, "वाफ तीच आहे."

मी बॉयलर इन्स्पेक्टर. बॉयलर म्हणजे बंद टाकीत पाणी उकळून वाफ करणारं यंत्र. डेअरीत त्या वाफेवर दूध तापवतात. टाकी कमकुवत असेल तर ती फुटते आणि शेजारच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून वर्षातून एकदा सरकारी तपासणी होते. पास झाला तरच पुढच्या वर्षाचं सर्टिफिकेट.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुभाषराव निमगाव केतकीचे. बारामती एमआयडीसीत त्यांची लहानशी डेअरी होती. खासगी डेअऱ्यांना नुकतीच मोकळीक मिळालेली, त्यामुळे दुधासाठी नुसती चढाओढ. एक दिवस दूध घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवशी गवळी शेजारच्या गेटवर.

थंड बॉयलर पाण्याने गच्च भरायचा, पंपाने रोजच्यापेक्षा जास्त दाब द्यायचा आणि काटा बघत थांबायचं, अशी आमची टेस्ट. काटा चढला. मग हळूहळू उतरायला लागला. मी टॉर्च घेऊन बॉयलरच्या मागच्या दारातून आत पाहिलं. नळ्या जाड पत्र्यात जिथे बसवतात तिथे पाणी ठिबकत होतं.

"बंद ठेवावा लागेल," मी सांगितलं.

सुभाषरावांचा चेहरा उतरला. "प्रोव्हिजनल ऑर्डर द्या ना साहेब. महिनाभराची." म्हणजे तात्पुरती परवानगी. ती देणं माझ्या हातात होतं. "गवळी तुटले तर मी संपलो."

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून आवाज आला. "नका दिऊ साहेब."

बॉयलर चालवणारे अटेंडंट तात्या. बावड्याचे. घरची मेंढरं गेल्यावर उतारवयात अटेंडंटची परीक्षा देऊन इथं लागलेले.

"दोन म्हैनं झालं नळ्या गळत्यात. मी दाब खालीच ठिवत व्हतो."

सुभाषराव तात्यांकडे वळले. दूध तापायला उशीर होतो म्हणून दोन महिने ते तात्यांना रोज बोलत होते. कामगारांसमोर त्यांचं वय काढलं होतं.

"तात्या, मग सांगितलं का नाही?" सुभाषरावांनी विचारलं.

"सांगितलं आसतं तर बंद करावा लागला आसता. गवळी गेलं आसतं. थोरली बारावीला हाय तुमची. म्हनलं, जपून चालवू. बाकीच्यांस्नी लांब बसवायचो. हितं मी एकलाच."

मला रागच आला. "तात्या, कमी दाबावरसुद्धा फुटतो तो! तुम्हीच गेला असतात."

"व्हय साहेब. चुकलंच माजं."

सुभाषराव तिथल्याच दुधाच्या एका उलट्या कॅनवर बसले. तिथूनच म्हणाले, "ऑर्डर नको. बंद करा." मग उठले, तात्यांचा हात धरून त्यांना बाहेर सावलीत नेलं आणि स्वतः चहा आणून दिला.  

त्याच दुपारी सुभाषराव मला सोबत घेऊन शेजारच्या डेअरीत गेले. त्या मालकाशी वर्षभर बोलणं नव्हतं. त्याने सुभाषरावांच्या गवळ्यांचं दूध घ्यायचं कबूल केलं. पुढच्या महिन्यात आपल्या बॉयलरची तपासणी कधी आहे, हेही त्याने मला हळूच विचारून घेतलं.

नळ्या बदलून पुन्हा टेस्ट व्हायला अकरा दिवस गेले. या वेळी चढलेला काटा जागचा हलला नाही. काही गवळी शेजारीच राहिले, परत आले नाहीत. तात्या मात्र निवृत्त होईपर्यंत तिथेच होते.

तपासणीच्या फॉर्ममध्ये अटेंडंटला काय वाटतं याचा रकाना नाही. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी आधी अटेंडंटशी बोलायचो, तेही मालकाला चहा सांगायला पाठवून.