कळतोय का फरक?

आमच्या स्टिरिओवर आठवडाभरापासून एक काळी डबी बसली आहे आणि तिचा निळा दिवा सारखा लुकलुकत असतो. ती इंटरनेट शोधते आहे, असं नवरा सांगतो. शोधू दे बापडीला. पूर्वी बटण दाबलं की गाणं लागायचं. आता आधी पासवर्ड, मग अपडेट, मग राउटर बंद करून पुन्हा चालू. तोवर चहा गार होतो आणि ऐकायची हौसही.

काल ती डबी एकदाची गायला लागली. नवऱ्याने मला दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसवलं, पंखा बंद केला आणि माझं लहानपणचं आवडतं गाणं लावलं. वर दर ओळीला, "कळतोय का फरक?" अहो, ऐकू तर द्या.

हे गाणं मला पाठ आहे ते माहेरच्या कॅसेटवरून. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरादाराला गप्प बसवून दादाने ते टेप केलं होतं. पहिलं कडवं संपता संपता स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, दूध बघ," आणि तेही गाण्यात जाऊन बसलं. ती कॅसेट केव्हाच गेली. आईही गेली.

काल कडवं संपलं. बासरी, तबला, गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू आला. मी कान देऊन बसले होते. दूध बघायला कुणी सांगितलं नाही.

"कळला ना फरक?" नवऱ्याने विचारलं.

"कळला," म्हटलं, आणि उठून पंखा लावला.