साडूचा पंखा

फर्निचरच्या कारखान्यात त्याला सगळे 'आरसा' म्हणत. त्याने पॉलिश केलेल्या टेबलात पाहून भांग पाडावा, अशी ख्याती. पंचवीस वर्षांत त्याने कुणाचा हेवा केला नाही. करण्याजोगा कुणी नव्हताच. मग मेहुणीचा नवरा तिथेच पॉलिशवाला म्हणून लागला, आणि पाठोपाठ स्पिरिटचे पॉलिश जाऊन पाण्यात मिसळायचे आले.

साडूचे काम दुपारपर्यंत खडखडीत वाळे. आरशाचे संध्याकाळीही बोटाला चिकटे.

"त्याचा पंखा नवा आहे," तो घरी धुसफुसला.

"मग विचारा ना त्याला. जीभ झिजेल का?" बायको म्हणाली.

"त्याला? पॉलिश पेपर कसा धरायचा ते मी शिकवलंय त्याला!"

मुख्य मिस्त्री निवृत्त होणार होता. मालक म्हणाले, "एकेक टेबल करा. ज्याचं सरस, तो मिस्त्री."

त्या सकाळी आरशाने लवकर येऊन साडूचा पंखा आपल्या खोलीत ओढून आणला. धूळ नको म्हणून जुन्या सवयीने खिडकी घट्ट लावली. पॉलिशचा हात मारून झाल्यावर दोन्ही पंखे टेबलावर रोखले.

साडू दारात येऊन हसला. "साडूभाऊ, सांगायचं होतं, मीच आणून दिला असता." त्याने शेजारच्या आपल्या खोलीत समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, टेबलाला पॉलिश केले आणि चहाला गेला. आरशाला तो चहाही सलला.

दुपारी मालकांनी आरशाच्या टेबलावर अंगठा टेकवला. वरची साय सुरकुतली. खाली पांढरट ओल. ते शेजारच्या खोलीत गेले. तिथून त्यांचे 'वा!' ऐकू आले.

"जोराचा वारा थेट मारला की वर साय धरते, पाणी आत कोंडतं," साडू आरशाजवळ येऊन हळूच म्हणाला. "आणि खोली बंद, मग तीच ओली हवा फिरत राहते. तिला बाहेर जायला वाट हवी. माझा पंखा तर कायम खिडकीकडे तोंड करून असायचा."

"आधी नाही सांगितलंस!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

संध्याकाळी आरसा टेबल घासायला बसला. नवा मिस्त्री कोरे पॉलिश पेपर घेऊन आला.

"आहेत माझ्याकडे," आरसा मान वर न करता म्हणाला, आणि हातातला गुळगुळीत झालेला तुकडा टेबलावर नेटाने घासत राहिला.