सरकार जिला जामीन राहिलं

माझ्या धाकट्या जावेला दुर्गंध म्हणून कधी जाणवलाच नाही. नाक चांगलं शाबूत होतं, माझी फोडणी जळली की अंगणातून ओरडायची. पण कॉलनीमागच्या तलावातल्या सडक्या जलकुंभीच्या, म्हणजे जलपर्णीच्या, वासानं आम्ही खिडक्या लावून बसायचो, त्याच पाण्यात ही मांडीपर्यंत उतरायची आणि म्हणायची, "ताई, इथं पैसा सडून राहिला." अख्खं जबलपूर तिला 'तालाबवाली भाभी' म्हणायचं. मला कोणी काही म्हणत नसे. मी नुसती तिची जेठानी, थोरली जाऊ.

जलकुंभी काढायची, तिचं खत करून विकायचं, असल्या साफसफाईच्या छोट्या धंद्याला सरकारच्या हमीवर कर्ज मिळतं, हे तिनं कुठूनसं शोधून काढलं. घर गहाण नको, दागिना नको. मी पूर्वी पापडाचं यंत्र घ्यायचं म्हटलं तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "तुला जामीन कोण राहील?" घरातलं कोणी राहिलं नाही. आणि हिला जामीन कोण, तर साक्षात सरकार. जळफळाट झाला माझा. का होऊ नये?

बँकेचे साहेब सिविल लाइंसमधून तपासणीला आले, ते नाकाला रुमाल लावून काठावरच उभे राहिले. धाकटीनं त्यांच्यापुढे गमबूट ठेवले. "उतरिए साहब, यहाँ से तो सब हरा-हरा ही दिखता है." आणि ते उतरले की हो! परतले तेव्हा पँट कमरेपर्यंत भिजलेली, पण चेहरा खुललेला. घरी चहा घेताना तिला म्हणाले, "भाभीजी, चाय बढ़िया है." चहा मी केला होता. कर्ज मंजूर झालं.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सदर बाजारात चार दुकानं पालथी घालून स्टीलच्या नक्षीदार वाट्या आणल्या. धाकटीनं वाण म्हणून काय लुटावं, तर खताच्या पिशव्या. बायका पदराआड हसल्या. पण फाल्गुनात ज्याच्या त्याच्या कुंड्या फुलल्या आणि जी ती तिच्या दारात खत मागायला. माझ्या वाट्यांचं कोणी नाव काढलं नाही. माझी मेली स्वतःची जास्वंदसुद्धा तिच्याच खतानं बहरली.

पण खरं दुखणं निराळंच होतं. मला तिच्याबरोबर काम करायचं होतं. तिनं हाताखाली बायका घेतल्या, एक तर माहेराहून, सिहोऱ्याहून आणली. मला एकदाही विचारलं नाही. आपणहून मी कशी म्हणणार, मोठी जाऊ ना मी? दुपारी गच्चीवरून बघायची, सगळ्या जणी चिखलाचे पाय पसरून एकाच ताटातला चिवडा खायच्या आणि खिदळायच्या. मी आपली पापड उलटत बसायची. त्यांच्यातली कोण काय बोलली म्हणून एवढं हसल्या, ते मला कधी कळलं नाही.

कर्ज वेळेत फिटलं, म्हणून बँकेनं आणखी मोठं दिलं, आणि धाकटीला नागपूरच्या तलावांचं काम मिळालं. दीर आणि ती जबलपूर सोडून निघाले. स्टेशनवर त्या बायकाही आल्या होत्या. मी तिला बाजूला घेऊन शेवटी विचारलंच, "मला काहून नाही बोलावलं गं कधी?"

ती बघतच राहिली. "अच्छा? तुम्ही आल्या असत्या? ताई, तुम्ही घरातल्या मोठ्या. मोठ्या जावेला चिखलात उतरा कसं म्हणू? सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ताईंचा मान ठेवायचा."

बँकेच्या साहेबाला जिनं पाण्यात उतरवलं, ती मला घाबरत होती. गाडी लागली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, वाकून माझ्या दोन्ही पायांना हात लावला. मग वळली आणि त्या बायकांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.