दहाव्याला मागितलेला पासवर्ड

दत्ताच्या दहाव्याला, पिंड ठेवलेला असताना, माझ्याकडे पासवर्ड मागितला गेला.

दत्ताला जाऊन आज वर्ष झालं. किळस अजून गेलेली नाही.

दत्ता भोंगवलीचा, माझा शाळेतला मित्र. कापूरहोळला त्याचं मोबाईल आणि कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान होतं. मी पुण्यात प्रोग्रामर.

त्याची बायको, सुनीता वहिनी, एका संस्थेतर्फे वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगर वस्त्यांवर आरोग्याचं काम करतात. बाया त्यांना सगळं सांगतात. कुणाला नवरा मारतो, कुणाचं काय दुखतं, कुणाचं मूल पोटातच गेलं. वहिनी ते लॅपटॉपवर लिहून ठेवायच्या.

एकदा संस्थेने तो लॅपटॉप परस्पर दुसऱ्याच कुणाकडे दुरुस्तीला दिला. तिथं फाईल उघडली गेली आणि एका बाईचं दुखणं आसपासच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. हसण्याच्या इमोजीसकट.

तिला सासरच्यांनी माहेरी पाठवलं, ते कायमचंच.

दत्ताचा फोन आला. "ह्याला कुलूप पायजे. पक्कं. म्या सोता लिवतो, तू फक्त रस्ता दाव."

मी म्हटलं, पायथनमध्ये फाईलींना कुलूप घालणारी क्रिप्टोग्राफीची लायब्ररी आहे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, ती बसव, बाकी सोपं आहे.

सोपं म्हणे!

दुकानातल्या लिनक्सवर ती पहिल्या झटक्यात बसली नाही. कंपायलर हवा, ह्या हेडर फाईली हव्या, त्या हव्या. ते सगळं घातलं आणि बसली. माझ्या मॅकवर तिला लागणारं ओपनएसएसएल सापडेना. समोर असून सापडेना. मी माझ्याच मशीनला आईबहिणीवरून बोललो.

पण खरी घाण वहिनींच्या जुन्या विंडोजवर झाली.

दत्ताने काय करावं? रिपेअरवाला माणूस. एका मशीनचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायची सवय. लिनक्सवर बसलेली लायब्ररी फोल्डरसकट पेन ड्राईव्हवर घेतली आणि विंडोजवर नेऊन चिकटवली.

"दत्त्या, हे असं चालत नाही. प्रत्येक सिस्टीमची वेगळी बनवलेली असते."

"का? ट्रॅक्टरचा नट टेम्पोला बसतो की."

मग रीतसर बसवायला घेतली. स्क्रीनभर लाल ओळी. बिल्ड टूल्स घाला म्हणे. ती उतरवायची मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, जी रेंज घराच्या पत्र्यावर चढल्याशिवाय येत नाही. अर्ध्यात तुटली. परत पहिल्यापासून. ती उतरली तर म्हणे रस्ट नावाची आणखी एक भाषा घाला.

"आरं, कुलूप बसवायचंय मला," दत्ता फोनवर ओरडला, "लोहाराचा कारखाना न्हाई काढायचा हितं!"

कळलं ते शेवटी कळलं. पिप, म्हणजे लायब्ररी आणून बसवणारा प्रोग्राम, जुना होता, म्हणून तयार लायब्ररी न घेता घरीच बनवायला बसला होता. पिप अपग्रेड केला आणि एका ओळीत बसली. त्या लाल ओळींच्या ढिगाऱ्यात तळाशी तसं लिहिलेलंही होतं. आधी सगळ्या जगाला शिव्या आणि मग पायाशी एक ओळ उत्तर, कोण वाचतं हे?

पण बसली. वहिनींनी पासवर्ड टाकताना दत्ता मुद्दाम घराबाहेर जाऊन उभा राहिला. "मलाबी नगं सांगू," म्हणाला.

मग गेलाच एके दिवशी. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. छातीत कळ आली म्हणाला, एवढंच.

दहाव्याला आम्ही सगळे नदीकाठी. कावळा बाभळीवर बसलेला, पिंडाला शिवेना. भावाने हात जोडून सांगितलं, पोरांचं शिक्षण करीन. कावळा हलेना. मित्रांनी सांगितलं, दुकान चालू ठेवू. हलेना.

तेव्हा आबा पुढे झाले. आबा म्हणजे आमच्याकडचे पुढारी.

"त्याचा जीव त्या लॅपटॉपमधी आडकलाय," आबा मला म्हणाले. "पासवर्ड देतो म्हना, फाईल गावाच्या हवाली करतो म्हना. बगा, कावळा येतो का न्हाई."

आणि आजूबाजूच्या माना डोलल्या!

फाईल कशाला हवी होती, ते तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. आबांच्या पुतण्याने वस्तीवरच्या एका बाईवर हात टाकला होता. तिने वहिनींना सांगितलं, एवढं आबांच्या कानावर होतं. ती कोण, तेवढंच कळत नव्हतं.

मेलेल्या माणसाच्या घासावर उभं राहून हा सौदा.

"माझ्याकडे पासवर्ड नाही," मी म्हटलं.

"दोगांनी मिळून केलंय ना? मग किल्ली न्हाई कशी?"

दत्ताच्या भावाला विचारलं. दुकानातल्या मित्रांना विचारलं. सगळ्या पुरुषांना विचारून झालं. चार हातांवर बसलेल्या बाईला विचारावं, असं एकालाही सुचलं नाही.

वहिनी स्वतःच उठल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र साफ.

"आबा, पासवर्ड माझ्यापाशी हाय. ह्यांनाबी ठावा नव्हता. नाव मला म्हाईत हाय, आन् मी ते देनार न्हाई. कावळा न्हाई शिवला तरी चालंल."

गुरुजींनी मुकाट्याने दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला. मंडळी जेवायला उठली. आबा पहिल्या पंगतीला होते आणि वाढणाऱ्याला हाक मारून बुंदी मागून घेत होते.

आज त्याच आबांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दत्ताचा फोटो टाकलाय. 'तालुक्याच्या डिजिटल क्रांतीचा शिल्पकार.' शेजारी स्वतःचा फोटो, दुप्पट मोठा. थू!

वहिनी आजही वस्तीवर गेल्यात. वर्षश्राद्ध उरकून, दुपारच्या एसटीने, लॅपटॉप पिशवीत घालून. बाया अजून त्यांना सांगतात.

ती बाई कोण होती, मला आजही माहीत नाही.

दत्ता, तुलाही माहीत नव्हतं.

आबांनाही नाही.

झोप गड्या निवांत.