अविवाहित असल्याचा कागद

नव्वदच्या सुमारास आदिलाबादच्या तहसील कचेरीबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो. त्या उन्हाळ्यात बेला गावाकडची एक बाई ओळीने तीन सोमवार आली. तिचं नाव मीच टाइप केलं होतं, पण आता आठवत नाही.

तिचा मुलगा परदेशात नोकरीला होता. तिकडच्याच मुलीशी, समुद्रकाठच्या एका गावात, तो रजिस्टर लग्न करणार होता. तो अविवाहित असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत हवं होतं. पहिल्या सोमवारी शिक्का मारणारे साहेब नव्हते. दुसऱ्या सोमवारी आडनावाचं स्पेलिंग चुकलं. ती कुरकुरली नाही. बाकावर बसून पदराने पायांची धूळ झटकायची आणि मुलाने पाठवलेलं त्या गावाचं चित्र मला पुन्हा दाखवायची.

तिसऱ्या सोमवारी मी पार कंटाळलो होतो. खाली अंगठ्याचा मजकूर टाइप करून, जागा सोडून कागद तिच्यापुढे धरला.

"अंगठा नाई, भाऊ. भाचीपाशी सई शिकून आली मी."

"माय, यात खाडाखोड चालत नाही, सगळा कागद पुन्हा टाइप करावा लागेल. अंगठा चालतो."

"चालत असंन. पन तिथं ना मांडव, ना अक्षता. सई केली का लगन झालं म्हनते. मंग त्याच्या लग्नात एक सई माही असू दे ना."

मी नवा कागद चढवला.

ती एकेक अक्षर दाबून, थांबून लिहीत होती. साहेब उठायच्या बेतात होते. शिपाई दारातून घाई करत होता.

"थांब जरा," मी त्याला म्हणालो, "लग्न लागतंय."